झिप, रार की सेव्हन-झिप? शाळेच्या रोजच्या कामात फाईल लहान करताना



शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटावर वर्षभर फिरणारं एक वाक्य सर्वांना पाठ आहे. "सर, फाईल अपलोड होत नाही, साईझ जास्त दाखवतंय." यु-डायस प्लसची माहिती असो, उपक्रमाचे फोटो असोत, शिष्यवृत्तीचे अर्ज असोत, नाहीतर केंद्रावर पाठवायची एखादी पीडीएफ असो, शेवटी गाडी अडते ती केबी आणि एमबीवर. मग कोणीतरी सांगतं, "झिप करून टाका." दुसरा म्हणतो, "अमक्या वेबसाईटवर टाका, लगेच कॉम्प्रेस होते." तिसरा रार फाईल पाठवतो आणि ती अर्ध्या शाळांत उघडत नाही.

आमच्या चिकलठाण्यात एका बाजूला विमानतळ आणि दुसऱ्या बाजूला एमआयडीसी आहे. तरी वर्गातल्या फोनला रेंज कधी येते, कधी जाते. पलीकडच्या वाडी-वस्तीवरच्या शाळांचं काय होत असेल याचा अंदाज करता येतो. तिथे मोठी फाईल पाठवणं म्हणजे मधली सुट्टी त्यात गेली असंच समजायचं. म्हणून हा विषय संगणकवाल्यांवर सोडून चालणार नाही. यात आपला वेळ आहे आणि मुलांची खाजगी माहितीही आहे. माझं मत आधीच सांगतो: शाळेच्या कामाला झिप हा एकच प्रकार पुरे, तो बनवायला सेव्हन-झिप हे मोफत साधन पुरे, आणि मुलांची कागदपत्रं कुठल्याही फुकटच्या 'कॉम्प्रेस' वेबसाईटवर टाकू नयेत. आता कारणं बघू.

फाईल लहान होते म्हणजे नेमकं काय होतं?

आपण शिक्षक हे काम संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून करतो. 'जिल्हा परिषद प्राथमिक शाळा' पूर्ण न लिहिता आपण 'जि. प. प्रा. शा.' लिहितो. रजिस्टरमध्ये एका रकान्यात गावाचं नाव एकदा लिहिलं की खाली चाळीस ओळी नुसती 'वरीलप्रमाणे'ची खूण करतो. माहिती तीच राहते, शाई कमी लागते. झिप फाईल आतून जवळजवळ हेच करते. आधी येऊन गेलेला मजकूर पुन्हा आला की तो परत न लिहिता "इतकं मागे जा आणि इतकी अक्षरं उचल" अशी खूण ठेवते. ही युक्ती अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव्ह या दोघांनी १९७७ मध्ये मांडली. दुसरी युक्ती डेव्हिड हफमन यांची, १९५२ ची. जे अक्षर वारंवार येतं त्याला छोटी खूण, क्वचित येतं त्याला मोठी खूण. हफमन तेव्हा अमेरिकेतल्या एमआयटीत विद्यार्थी होते, हे मुलांना सांगण्यासारखं आहे. फिल कॅट्झ यांनी १९८९ मध्ये झिप हा प्रकार आणला. आजची नेहमीची झिप या दोन्ही युक्त्या एकत्र वापरते.

मराठी मजकुराचा तर यात खास फायदा होतो. युनिकोडमध्ये साठवताना देवनागरीचं प्रत्येक चिन्ह सहसा तीन बाइट घेतं. 'शाळा' हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो, पण आत श, काना, ळ, काना अशी चार चिन्हं आहेत, म्हणजे १२ बाइट. पण या तीनपैकी पहिला बाइट प्रत्येक चिन्हात सारखाच असतो आणि दुसरा दोनपैकी एक असतो. इतकी पुनरावृत्ती म्हटल्यावर मराठी मजकूर झिपमध्ये छान दबतो.

आता महत्त्वाचा फरक. लहान करण्याचे दोन प्रकार आहेत. पहिला म्हणजे गोधडीची घडी घालणं. घडी उलगडली की गोधडी जशीच्या तशी, एक टाकाही कमी नाही. झिप, रार, ७झेड हे सगळे या जातीचे. दुसरा म्हणजे दूध आटवून खवा करणं. वजन कमी झालं, काम भागलं, पण खव्याचं परत दूध होत नाही. फोटोची जेपीजी, गाण्याची एमपी-थ्री, मोबाईलचा व्हिडिओ हे या जातीचे. डोळ्याला किंवा कानाला फारसं जाणवणार नाही ते काढून टाकलेलं असतं, ते कायमचं गेलेलं असतं.

हा फरक कळला की निम्मे घोटाळे मिटतात. "फोटो झिप केले तरी साईझ तेवढीच कशी?" हा नेहमीचा प्रश्न. उत्तर सोपं आहे. जेपीजी फोटो आधीच आटवलेला असतो, त्यात दाबायला जागाच उरलेली नसते. वर्ड आणि एक्सेलच्या २००७ पासूनच्या फाईली, म्हणजे नावाच्या शेवटी डॉकएक्स किंवा एक्सएलएसएक्स असलेल्या, या मुळात आतून झिपच असतात. त्यांना पुन्हा झिप करून फार काही मिळत नाही. तेव्हा झिप कशासाठी? तीस फाईलींचं एक गाठोडं करण्यासाठी. एका शाळेची एक फाईल गेली की केंद्रप्रमुखांनाही शोधाशोध करावी लागत नाही.

झिप, रार, ७झेड: कोणतं घ्यायचं?

झिपची मोठी ताकद म्हणजे ती सगळीकडे उघडते. विंडोजमध्ये वेगळं काही टाकावं लागत नाही. अँड्रॉइडवर गुगलच्या 'फाईल्स' अॅपमध्ये उघडते, आयफोनमध्येही २०१९ पासून त्याच्या फाईल्स अॅपमध्ये उघडते. उणीव दोन. इतरांच्या मानाने ती थोडी कमी दबते, आणि विंडोजच्या स्वतःच्या झिपमध्ये फाईल बनवताना पासवर्ड घालण्याची सोय नाही.

रार हा प्रकार रशियाच्या युजीन रोशाल यांनी १९९३ मध्ये बनवला. तो बनवायला विनरार हे सॉफ्टवेअर लागतं. ते विकत घ्यायचं असतं, ४० दिवस वापरून बघता येतं. चाळीस दिवसांनंतरही ते बंद पडत नाही, नुसती आठवण करत राहतं. म्हणून कितीतरी संगणकांवर ते वर्षानुवर्षं तसंच चालू आहे. एक गुण मान्य करायलाच हवा: रारमध्ये 'रिकव्हरी रेकॉर्ड' ठेवता येतं. म्हणजे पेनड्राईव्हवर फाईल थोडी खराब झाली तर ती दुरुस्त होण्याची शक्यता राहते. पण एवढ्यासाठी शाळेनं पैशाचं सॉफ्टवेअर घ्यावं किंवा परवान्याशिवाय वापरत राहावं, हे मला पटत नाही. मुलांना आपण प्रामाणिकपणा शिकवतो आणि ऑफिसच्या संगणकावर मुदत संपलेलं सॉफ्टवेअर, हे बरं दिसत नाही.

७झेड हा इगोर पाव्हलोव्ह यांच्या सेव्हन-झिप या सॉफ्टवेअरचा प्रकार, १९९९ पासूनचा. मोफत आहे, खुलं आहे, शाळेत किंवा कार्यालयात वापरायला पैसे नाहीत. एकसारख्या पुष्कळ फाईली असतील तर तो झिपपेक्षा चांगला दाबतो, कारण झिप प्रत्येक फाईल वेगवेगळी दाबते आणि ७झेड सगळ्या फाईली एका ओळीत धरून त्यांच्यातली पुनरावृत्ती शोधतो. पण समोरच्याकडे उघडायची सोय असेलच असं नाही. विंडोज ११ मध्ये ७झेड आणि रार थेट उघडण्याची सोय २०२३ मध्ये आली. आपल्या शाळांमधले बरेच संगणक मात्र त्याहून जुने आहेत.

म्हणून माझा सल्ला असा. सेव्हन-झिप घ्या. त्याची फाईल जेमतेम दीड-दोन एमबीची आहे आणि जुन्या संगणकावरही सुखाने चालते. त्यातून पाठवण्यासाठी बनवायची ती झिपच. कोणाकडून रार आली तर तीही त्यातच उघडा. ७झेड प्रकार स्वतःच्या जुन्या नोंदी जपून ठेवायला वापरा. एकच काळजी घ्या. सॉफ्टवेअर त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्या, मिळत्याजुळत्या नावाची इतर संकेतस्थळंही असतात. आणि नवी आवृत्ती आपणहून घालत जा. विनरारमधली एक गंभीर त्रुटी २०२३ मध्ये उघडकीला आली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुरुस्त झाली, पण ते आपोआप अद्ययावत होत नसल्यानं जुनी आवृत्ती असलेल्यांचा धोका तसाच राहिला. सेव्हन-झिपही आपोआप अद्ययावत होत नाही.

झिपच्या आतल्या फाईलींना शक्यतो मराठी नावं देऊ नका, हेही अनुभवानं सांगतो. जुन्या विंडोजमध्ये देवनागरी नावाची फाईल झिप करताना अडचण येते किंवा उघडल्यावर नावाच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. आपला ११ अंकी यु-डायस क्रमांक, जो आपल्या जिल्ह्यात २७१९ ने सुरू होतो, आणि पुढे इयत्ता, एवढं नाव पुरतं.

फोटोचं काय करायचं?

थोडं गणित करू. मोबाईलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे आडवे ४००० आणि उभे ३००० ठिपके, एकूण १ कोटी २० लाख. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट धरले तर ३ कोटी ६० लाख बाइट, म्हणजे साधारण ३६ एमबी. जेपीजी त्याला आटवून काही एमबीवर आणतं. आता वृक्षारोपणाचा फोटो अहवालात तळहाताएवढा छापला जाणार असेल तर त्याला १६०० बाय १२०० ठिपके भरपूर झाले. ते होतात १९ लाख २० हजार, म्हणजे मूळच्या सहाव्या हिश्श्याहूनही कमी. कुठलंही झिप न करता फोटोचं वजन उतरलं. विंडोजमधल्या पेंटमध्ये 'रिसाईझ' करून हे अर्ध्या मिनिटात होतं. पॉवरपॉइंट आणि वर्डमध्ये फोटोवर क्लिक केलं की 'कॉम्प्रेस पिक्चर्स' मिळतं.

बरेच शिक्षक फोटो स्वतःलाच व्हॉट्सअॅपवर पाठवून लहान करून घेतात. अहवालाच्या फोटोला ही युक्ती वाईट नाही. पण वहीच्या पानाचा, दाखल्याचा किंवा बारीक अक्षरांचा फोटो असा पाठवू नका. तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे आहे तसा जातो. एकच फोटो पुन्हा पुन्हा आटवत गेलं की अक्षरं धूसर होत जातात.

पालकांसाठी खास: नवोदयच्या परीक्षेचा अर्ज भरताना मुलाचा फोटो आणि सह्या केबीच्या मर्यादेत मागतात. आधी कडेची भिंत, पडदा, टेबल कापून टाका, मग ठिपके कमी करा. फोटोचा आकार कमी करण्याआधी कापला तर चेहरा स्पष्ट राहतो. नेट कॅफेवाल्याच्या संगणकावर हे काम केलं असेल तर निघताना फाईल तिथून पुसून या.

पीडीएफ: सगळ्यात जास्त गोंधळ इथेच

आपल्याकडे एक विचित्र पद्धत पडली आहे. माहिती संगणकावर टाईप करायची, प्रिंट काढायची, सही-शिक्का मारायचा, मोबाईलनं फोटो काढायचा, फोटोची पीडीएफ करायची आणि मग ती मोठी झाली म्हणून लहान करायची धडपड करायची. वर्डमधून थेट पीडीएफ केली तर तिच्यात अक्षरं अक्षर म्हणूनच राहतात आणि दहा पानंही किरकोळ वजनाची होतात. त्याच पानाचा फोटो म्हणजे लाखो ठिपके. ए-फोर कागद ३०० डीपीआयनं स्कॅन केला तर सुमारे ८७ लाख ठिपके होतात. रंगीत धरला तर न दाबता २६ एमबी, काळा-पांढरा धरला तर जेमतेम १ एमबी. १५० डीपीआय केलं की ठिपके चौपट कमी. म्हणजे स्कॅन करतानाच 'ब्लॅक अँड व्हाईट' आणि १५० ते २०० डीपीआय निवडलं तर नंतर कॉम्प्रेस करायची वेळच बहुधा येत नाही.

मात्र दाबण्यालाही मर्यादा हवी. २०१३ मध्ये जर्मनीतल्या डेव्हिड क्रीझल यांच्या लक्षात आलं की झेरॉक्स कंपनीची काही स्कॅनर यंत्रं कागदावरचे आकडेच बदलत होती. ६ चा ८ होत होता. कारण होतं जेबीआयजी-२ ही दाबण्याची पद्धत. सारखे दिसणारे आकार एकच समजून ती एकाच्या जागी दुसरा बसवत होती. अक्षर धूसर झालं असतं तर निदान शंका तरी आली असती. इथे आकडा स्वच्छ, ठळक आणि चुकीचा. कंपनीला त्यासाठी दुरुस्ती द्यावी लागली. आपल्या कामाशी याचा संबंध लावून बघा. पटसंख्येतला एक आकडा, जन्मतारखेतला एक आकडा, बँक खात्यातला एक आकडा. संच मान्यतेत शिक्षकाचं पद पटावर ठरतं आणि शिष्यवृत्तीचे पैसे खाते क्रमांकावर जातात. म्हणून आकड्यांची माहिती एक्सेलमध्येच मागावी आणि एक्सेलमध्येच द्यावी. धूसर पीडीएफ बघून पलीकडच्या लिपिकानं ती पुन्हा टाईप करायची, हा उद्योग कोणाच्याच फायद्याचा नाही.

फुकटची वेबसाईट फुकट नसते

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. 'पीडीएफ कॉम्प्रेस' असं शोधलं की डझनभर वेबसाईट येतात. त्यातल्या बहुतेक ठिकाणी फाईल आपल्या संगणकावर लहान होत नाही. ती आधी त्यांच्या संगणकावर जाते, तिथे लहान होते आणि परत येते. काही वेळानं पुसून टाकू असं बरेच जण लिहितात. ते खरं आहे की नाही हे आपल्याला बघता येत नाही. आपण तिथे काय टाकतो? चौथीतल्या मुलीचं आधार, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुकाचं पहिलं पान. पालकांनी ती कागदपत्रं शाळेवर विश्वास ठेवून दिलेली असतात, परदेशातल्या अनोळखी कंपनीवर नाही.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संसदेनं केला. त्यात १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानलं आहे आणि बालकांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी साधा नियम आहे. जे कागद आपण बाजारपेठेतल्या अनोळखी माणसाच्या हातात देणार नाही, ते अनोळखी वेबसाईटलाही देऊ नयेत. गाण्याची, कवितेची, सुविचारांची पीडीएफ असेल तर खुशाल वापरा. मुलांची कागदपत्रं असतील तर मोबाईलच्या स्कॅनमध्ये काळा-पांढरा पर्याय निवडा, किंवा वर्डमध्ये पीडीएफ करताना 'मिनिमम साईझ' निवडा. लिब्रे ऑफिस मोफत आहे, त्यातही पीडीएफ करताना चित्रांचे ठिपके कमी करता येतात. हे सगळं आपल्याच यंत्रावर होतं.

कोणी म्हणेल, "एवढं कशाला? ड्राईव्हवर टाकून लिंक दिली की झालं." बरोबर, मोठ्या व्हिडिओसाठी तोच मार्ग चांगला. पण 'लिंक असलेला कोणीही बघू शकतो' हे ठेवून मुलांची आधारं टाकणं म्हणजे जनरल रजिस्टर गावच्या पारावर ठेवून येण्यासारखं आहे. लिंक गटातून गटात जाते आणि कोणाकडे पोचली ते कळत नाही.

पाठवावंच लागलं तर सेव्हन-झिपमध्ये पासवर्ड घाला आणि 'एईएस-२५६' निवडा. झिपची जुनी पासवर्ड पद्धत कच्ची आहे, ती फोडता येते. एईएसची झिप उघडायला जुन्या विंडोजवर समोरच्याकडेही सेव्हन-झिप लागेल, हे आधी कळवा. झिपला पासवर्ड घातला तरी आतल्या फाईलींची नावं दिसतातच, म्हणून फाईलीच्या नावात मुलाचं नाव किंवा आधार क्रमांक नको. आणि पासवर्ड त्याच मेसेजमध्ये लिहू नका, फोन करून सांगा. आधारचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत आधारच्या संकेतस्थळावरून पालकांना काढता येते. जिथे चालते तिथे तीच घ्या.

वर्गात करून बघा

हा विषय मुलांनाही आवडतो. चौथी-पाचवीला चौकटींच्या वहीत ८ बाय ८ चा चौकोन घ्यायला सांगा आणि काही घरं काळी करून झाड किंवा घर काढायला सांगा. मग प्रत्येक ओळ अशी लिहायची: '३ पांढरे, २ काळे, ३ पांढरे'. वही बंद करून फक्त हा मजकूर शेजारच्या मुलाला द्यायचा आणि त्यानं चित्र परत काढायचं. चित्र हुबेहूब आलं की घडीची गोधडी मुलांना कळली. नंतर बुद्धिबळाच्या पटासारखं एकाआड एक काळं घर करायला सांगा. आता ओळ होते '१ पांढरा, १ काळा, १ पांढरा...' आणि मजकूर चित्रापेक्षाही लांब होतो. सगळंच दाबता येत नाही, पुनरावृत्ती असेल तरच दबतं, हे मुलं स्वतः सांगतात. मोजणी, निरीक्षण, सूचनालेखन हे सगळं एका तासात होतं आणि संगणक लागत नाही.

शेवटी एक मागणी

आपण आपल्या बाजूनं शिकून घेऊच. पण माहिती मागणाऱ्यांनीही थोडं करायला हवं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नं शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामं देऊ नयेत असं म्हटलं आहे. फाईल लहान करत बसणं कुठल्या यादीत धरायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं. निदान एवढं तरी व्हावं: माहिती मागतानाच फाईलीचा प्रकार आणि कमाल साईझ पत्रात लिहावी. आकडे एक्सेलमध्ये घ्यावेत, सही-शिक्क्याचं एकच पान स्कॅन मागावं. एकाच उपक्रमाचे वीस फोटो न मागता दोन मागावेत. आणि जिथे मुलांची कागदपत्रं आधीच एका पोर्टलवर आहेत तिथे तीच दुसऱ्यांदा मागू नयेत. फाईल सर्वात लहान होते ती मागितलीच नाही तेव्हा.

पुढच्या शिक्षण परिषदेत अर्धा तास या विषयाला मिळाला तर बरं होईल. एका संगणकावर सेव्हन-झिप टाकून दाखवायचं, एक फोटो लहान करायचा, एक पीडीएफ थेट वर्डमधून करायची, एवढंच. तंत्रस्नेही शिक्षक प्रत्येक केंद्रात आहेत. त्यांनी हे दाखवलं तर रात्री दहा वाजता येणारा "सर, साईझ जास्त दाखवतंय" हा मेसेज नक्की कमी होईल.